परिचारिकेचा प्रवेश अर्ज : चारित्र्याच्या दाखल्यापासून सीईटीपर्यंत

आरोग्यसेवेच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण डॉक्टरांवर बोलतो, साथींवर बोलतो, लशींवर बोलतो. आजचा विषय त्यामानानं अगदी लहान आहे. तो आहे एक कागद. नर्सिंग शिकायचं असेल तर जो अर्ज भरावा लागतो, तो कागद. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या अर्जात कोणते प्रश्न विचारले गेले, ते आज आपण पाहणार आहोत. कारण एखाद्या पेशाच्या दारावर जो प्रश्न विचारला जातो, त्यावरून समाज त्या पेशाला काय समजतो ते कळतं. तुमच्यापैकी काही जण, किंवा तुमच्या घरातलं कुणीतरी, सध्या हाच अर्ज भरण्याच्या तयारीत असेल. त्यांच्यासाठी शेवटी थोडं आजच्या तयारीबद्दलही बोलू. पण आधी इतिहास.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जे काम केलं, त्याच्या गौरवासाठी इंग्लंडमध्ये लोकांनी वर्गणी काढली. जमलेली रक्कम 40 हजार पौंडांच्या वर गेली. तो पैसा त्यांनी प्रशिक्षणावर लावायचं ठरवलं, आणि 1860 साली सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल स्कूल सुरू झालं. पहिल्या तुकडीत 15 जणी होत्या. त्यांना 'प्रोबेशनर' म्हणत, म्हणजे उमेदवार. राहणं, जेवण, गणवेश रुग्णालयाकडून आणि वर्षाला 10 पौंड हातखर्च.

आता त्यांचा अर्ज बघा. वय साधारण 25 ते 35 असावं, अशी अपेक्षा. लग्न झालंय का, विधवा आहात का, मुलं किती आणि त्यांची सोय काय, हे विचारलेलं. उंची, वजन, प्रकृती कशी आहे, शरीरात काही व्यंग आहे का. लिहिता-वाचता चांगलं येतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारित्र्याबद्दल खात्री देणारा दाखला. शाळेतले गुण, विज्ञान, गणित यांचा पत्ताच नाही.

असं का? तर त्या काळात इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी बाई, अशी प्रतिमा होती. ती सरसकट खरी नव्हती, पण समाजात घट्ट बसलेली होती. सेंट थॉमसमधल्याच एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकाचं मत असं होतं की नर्सचं काम घरकाम करणाऱ्या मोलकरणीसारखंच आहे, त्यासाठी वेगळं शिकवायची गरज नाही. अशा वातावरणात शाळा काढायची तर आधी सिद्ध काय करायचं? या बाया सभ्य घरातल्या आहेत, विश्वासू आहेत, हे. म्हणून अर्जात ज्ञानाच्या आधी चारित्र्य आलं. दर महिन्याला प्रत्येकीचा जो अहवाल भरला जायचा, त्यातही वक्तशीरपणा, शांतपणा, टापटीप, विश्वासूपणा असे रकाने होते. त्यांच्या जोडीला कामाचे रकाने : जखमेची मलमपट्टी, जळवा लावणं, एनिमा देणं, अंथरूण घालणं, वॉर्डात हवा खेळती ठेवणं, आजाऱ्यासाठी पेज करणं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या 15 जणी विद्यार्थिनी होत्या की कामगार? कागदावर विद्यार्थिनी. प्रत्यक्षात वॉर्डाचं काम त्यांच्यावरच चालायचं. डॉक्टरांची व्याख्यानं ठेवलेली होती, रोजच्या केसची डायरी लिहायची होती. पण दिवसभर राबून संध्याकाळी व्याख्यानाला बसलेल्या बाईच्या डोक्यात किती शिरणार? स्वतः नाइटिंगेल यांना 1870 नंतर कळून चुकलं की शाळेत शिकवणं असं फारसं होतच नाहीये. मग व्याख्याता बदलला, वाचायच्या पुस्तकांची यादी आली, मुलींच्या अभ्यासावर लक्ष ठेवायला वसतिगृहात वेगळी 'होम सिस्टर' नेमली गेली. आपल्या आजच्या विषयाचा खरा गाभा इथे आहे. प्रवेशाच्या दाराइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे, आत गेल्यावर शिकायला वेळ मिळतो का?

या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर मिळालं स्कॉटलंडमध्ये. रिबेका स्ट्राँग या सेंट थॉमसमध्येच शिकलेल्या. पुढे त्या ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत मेट्रन झाल्या. जिला शरीररचना माहीत नाही, जंतू म्हणजे काय ते माहीत नाही, तिला थेट पेशंटजवळ उभं करायचं हे त्यांना पटत नव्हतं. विल्यम मॅकइवेन हे तिथले नामवंत शल्यचिकित्सक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा तो काळ, आणि नर्सचा एक हात चुकला तर सर्जनची सगळी मेहनत वाया जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 1893 साली त्यांनी एक पद्धत सुरू केली. मुलींनी आधी कॉलेजात बसून शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, स्वच्छताशास्त्र शिकायचं, परीक्षा द्यायची आणि मगच वॉर्डात पाऊल टाकायचं. फी मुलींनी स्वतः भरायची. 1895 मध्ये लंडन हॉस्पिटलच्या मेट्रन ईवा ल्यूक्स यांनीही काही आठवड्यांचा असा पूर्वतयारी वर्ग सुरू केला.

म्हणजे 'कोर्सची तयारी' ही कल्पना आजच्या क्लासवाल्यांनी काढलेली नाही, बरं का! ती 1893 ची आहे. आणि तिच्यामागचा विचार साधा होता : अज्ञानाची किंमत पेशंटनं मोजू नये.

आता आपल्याकडे येऊ. याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? 1885 मध्ये लेडी डफरिन फंड उभा राहिला. भारतातल्या स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, हा त्याचा उद्देश, आणि परिचारिका व सुइणी तयार करणं हा त्यातलाच एक भाग. 1886 मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहिलं. एडिथ पीची या ब्रिटिश डॉक्टरबाई त्यासाठी मुंबईत आल्या होत्या. जे. जे. रुग्णालयातही परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत 1891 साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. नावापलीकडे पाठ्यपुस्तकं फारसं सांगत नाहीत. पण 1891 साली एक मराठी बाई परक्या माणसांच्या जखमा धुवायचं शिक्षण घ्यायला घराबाहेर पडते, याचा अर्थ आपण समजू शकतो.

कारण आपल्याकडच्या दारावर प्रश्न वेगळे होते. लंडनमध्ये विचारत, बाई सभ्य आहे का? आपल्याकडे त्याच्याही आधी जात आणि सोवळं-ओवळं येत होतं. दुसऱ्याचं मलमूत्र उचलायचं, कोणत्याही जातीच्या पेशंटला शिवायचं, रात्रपाळी करायची, पुरुष डॉक्टरांबरोबर काम करायचं. मध्यमवर्गीय हिंदू घरात हे बोलणंसुद्धा अवघड. बाळंतपण करणारी सुईण घरोघरी लागायची, पण तिला मान नव्हता. त्यामुळे कितीतरी वर्षं भारतातल्या नर्सेसमध्ये ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचं प्रमाण मोठं राहिलं. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल असो की इतर ठिकाणची मिशन रुग्णालयं, परिचारिकांच्या शिक्षणाचा मोठा भार त्यांनीच उचलला.

हे दार मराठी मध्यमवर्गासाठी किलकिलं झालं ते पुण्यात. न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले. त्यानंतर रमाबाई रानडे यांनी सार्वजनिक कामाला वाहून घेतलं आणि 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. गो. कृ. देवधर हे त्यांचे मोठे सहकारी. सेवासदननं स्त्रियांसाठी शिक्षणाचे वर्ग काढले आणि त्याचबरोबर विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली. विधवेनं घराच्या कोपऱ्यात बसायचं, असं ज्या समाजाला वाटत होतं, त्या समाजात ती गणवेश घालून दवाखान्यात जाते म्हटल्यावर टीका होणारच.

रमाबाईंनी काय केलं? मुलींना नुसतं पाठवलं नाही. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेनं केली, त्यांची जबाबदारी घेतली. नीट पाहिलं तर हे नाइटिंगेल शाळेच्या चारित्र्याच्या दाखल्याचंच आपल्याकडचं रूप होतं. तिकडे दाखला कागदावर असायचा, इकडे रमाबाईंचं नाव हाच दाखला. त्या जामीन उभ्या राहिल्या म्हणून घरच्यांनी परवानगी दिली. ज्या बाईला कमाईचं साधन नव्हतं, तिच्या हातात पगार आला. सुधारणेची चर्चा आपण फार करतो, पण सुधारणेचा हिशेब शेवटी असा लागतो.

आता पुढचा टप्पा : नियम. 1908 मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. 1926 साली मद्रास प्रांतानं नर्सेस आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा केला, मुंबई प्रांतानं 1935 मध्ये. नोंदणी म्हणजे काय? सरकारी यादीत नाव हवं असेल तर ठरावीक शिक्षण आणि ठरावीक परीक्षा हवी. म्हणजे 'मेट्रनबाईंना मुलगी बरी वाटली' एवढ्यावर आता भागणार नव्हतं. पण प्रत्येक प्रांताचं माप वेगळं होतं. एका प्रांतात शिकलेली दुसरीकडे गेली की अडचण.

मग आला भोर समितीचा अहवाल. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली 1943 मध्ये समिती नेमली गेली, 1946 मध्ये अहवाल आला. त्यातला एक आकडा आम्ही प्रत्येक व्याख्यानात सांगतो, कारण तो ऐकून माणूस सुन्न होतो. अखंड हिंदुस्थानात त्या वेळी परिचारिका होत्या सुमारे 7,000. म्हणजे 43,000 लोकांमागे एक. त्याच वेळी इंग्लंडमध्ये साधारण 300 लोकांमागे एक परिचारिका होती. डॉक्टरांची स्थितीही वाईटच, पण तिथे निदान 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता. आपल्याकडे परिचारिकांपेक्षा डॉक्टर कितीतरी पटींनी जास्त होते! इमारत उभी करताना गवंड्यांपेक्षा इंजिनिअर जास्त असावेत, तसा प्रकार.

समितीपुढे पेच होता. परिचारिका पटकन आणि मोठ्या संख्येनं हव्यात, तर प्रवेशाची अट सैल करावी लागणार. पेशाला प्रतिष्ठा द्यायची, तर अट कडक करावी लागणार. समितीनं दोन्ही वाटा ठेवल्या. एक दर्जा मिडल स्कूलपर्यंत शिकलेल्यांसाठी, दुसरा मॅट्रिक झालेल्यांसाठी, आणि त्यांच्यावर विद्यापीठाची पदवी. आजही आपल्याकडे एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग अशा तीन पायऱ्या दिसतात. त्या रचनेचं मूळ या पेचात आहे.

1946 हेच वर्ष भारतातल्या नर्सिंग पदवीचं. दिल्लीचं कॉलेज ऑफ नर्सिंग, ज्याला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं, आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, या दोन ठिकाणी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. गंमत बघा, ब्रिटनमध्ये नर्सिंगची विद्यापीठीय पदवी त्यानंतर सुरू झाली. 1947 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभर एक माप लावायचं काम सुरू झालं. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठानं, म्हणजे आजच्या एसएनडीटीनं, 1964 मध्ये लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग काढलं. रमाबाईंच्या सेवासदनात विधवेला पोटापाण्यासाठी जे शिक्षण मिळत होतं, ते 50-55 वर्षांत पदवीच्या चौकटीत आलं.

पदवीमुळे नेमकं बदललं काय? मुलगी आता रुग्णालयाची उमेदवार राहिली नाही, विद्यापीठाची विद्यार्थिनी झाली. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटेल. पण उमेदवाराला वॉर्डात माणूस कमी पडला की वर्गातून उठवता येतं. विद्यार्थिनीला उठवायचं तर विद्यापीठाचे तास भरावे लागतात, क्लिनिकलचे तास वेगळे मोजावे लागतात, परीक्षेला हिशेब द्यावा लागतो. रिबेका स्ट्राँग यांनी 1893 मध्ये जे मागितलं, ते नियमात बसायला एवढी वर्षं लागली. आणि सगळीकडे ते पूर्णपणे पाळलं जातं असंही नाही. रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला बसलेली, डोळे चोळणारी मुलगी आपल्याला आजही भेटते. म्हणून प्रवेश घेताना नुसतं 'कॉलेज कुठलं' एवढंच विचारू नका. कॉलेजला कौन्सिलची आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, रुग्णालय कुठलं जोडलेलं आहे, तिथे खाटा किती, प्रत्यक्षात पेशंट किती असतात, शिकवायला शिक्षक किती, हे विचारा. चकचकीत इमारत आणि रिकामा वॉर्ड, यात नर्स तयार होत नाही.

आता आजचा अर्ज. कौन्सिलच्या नियमांप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंगसाठी वय 17 पूर्ण हवं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या वर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी काय केलं, यावर विसंबू नका. 1860 च्या अर्जाशी ताडून बघा : उंची-वजन गेलं, विधवा आहात का हे गेलं, पाद्रीबाबांची ओळख गेली. त्या जागी बायोलॉजीचे गुण आले. आणि मुलगेही आले. आज वर्गात मुलगे बसतात, त्यांना घरी अजून ऐकावं लागतं की हे बायकांचं काम. शंभर वर्षांपूर्वी बायकांना ऐकावं लागायचं की हे आपल्यातल्या बायकांचं काम नव्हे. वाक्य थोडं बदललं, सूर तोच.

आत गेल्यावर काय असतं? 2021-22 पासून अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा झाला आहे. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी संभाषण आणि नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्यात बायोकेमिस्ट्री आणि आहारशास्त्र. म्हणजे ग्लासगोचा तो जुना पूर्वतयारी वर्ग आता पहिल्या वर्षात बसवलेला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुला-मुलींना धडकी भरते ती इंग्रजी संज्ञांची. त्यांना आम्ही एकच सांगतो : घोकू नका, फोडा. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह. हेपॅटायटिस, नेफ्रायटिस आपोआप कळतात. आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. यात कमीपणा काही नाही. उलट पुढे पेशंटला मराठीत समजावून सांगायचं आहेच.

आणि गणित सोडू नका. बारावीला गणित नव्हतं म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. पण औषधाच्या मात्रेचं त्रैराशिक रोज लागतं. डॉक्टरांनी लिहिलंय 250 मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम. किती द्यायचं? 10 मिलिलिटर. कागदावर हे सोपं आहे. पहाटे तीन वाजता, चाळीस खाटांच्या वॉर्डात, तीन बेल एकदम वाजत असताना ते बरोबर यायला हवं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः उत्तम संख्याशास्त्रज्ञ होत्या, 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो, आकड्यांचे तक्ते कुणाला आठवत नाहीत.

शेवटी एवढंच. या अर्जानं आजवर वेगवेगळे प्रश्न विचारले. तुझं चारित्र्य कसं आहे? तुझ्यासाठी जामीन कोण? किती इयत्ता शिकलीस? बायोलॉजीत किती गुण? प्रत्येक वेळी प्रश्न बदलला, कारण तो बदलावा म्हणून कुणीतरी भांडलं. एक प्रश्न मात्र अर्जावर आजही छापलेला नसतो आणि चार वर्षं रोज विचारला जातो : तुझ्यासमोरचा हा माणूस नेमका कशानं त्रासला आहे, हे तुला कळतंय का? त्याच्या उत्तरासाठी लागणारा शिकण्याचा वेळ पूर्वीच्या बायकांनी झगडून मिळवलेला आहे. अर्ज भरणाऱ्यांनी तो हक्कानं मागावा आणि पुरेपूर वापरावा.

आता प्रश्न घेऊ या.